पॉवर काइटची उडी: आधी खाली यायला शिका

माझी पहिली उडी साधारण अडीच मीटर उंच गेली आणि ती मारायची असं मी ठरवलंही नव्हतं. पॉवर काइट म्हणजे माणसाला ओढू शकणारा मोठा कापडी पतंग. माझा पाच चौरस मीटरचा होता आणि तो दोन हँडलांनी डोक्यावर स्थिर धरून मी उभी होते. हात जरा मोकळे करावेत, एवढाच विचार होता. झोत आला आणि पाय जमिनीवरून सुटले. वर गेल्यावर घाबरून मी दोन्ही हँडल छातीशी ओढली, त्यात उजवं जास्त ओढलं गेलं. पतंग उजवीकडे वळून खाली निघाला, मला वर धरणारी ओढ संपली आणि मी डाव्या टाचेवर आदळले. टाचेचं हाड मोडलं. अकरा आठवडे तो पाय जमिनीला टेकवायची परवानगी नव्हती.

अंथरुणात बसून मी एक वही सुरू केली. आधी त्या एका उडीत काय काय चुकलं ते लिहिलं आणि पाय बरा झाल्यावर पुढची प्रत्येक उडी नोंदत गेले: वारा किती, पतंग कोणता, कुठून वळवला, कशी उतरले. आज त्यात चारशेच्या वर नोंदी आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक उड्या माझ्या गुडघ्याएवढ्याही उंच नाहीत. हे लिहिताना ती वही शेजारी उघडी आहे.

ज्यांना पतंग नीट चालवता येतो आणि आता उडी खुणावते आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांनी पतंग अजून हातात घेतलेला नाही, त्यांनी दोन-तीन चौरस मीटरच्या पतंगावर आधी एक हंगाम काढावा, तोही जाणत्या माणसासोबत. आणि आपल्या पतंगाची माहितीपुस्तिका काढून वाचा. बऱ्याच पुस्तिकांमध्ये या पतंगाने उड्या मारू नयेत असा स्पष्ट इशारा असतो. तो वाचूनही पुढे जायचं असेल, तर जबाबदारी संपूर्ण आपली आहे हे धरून चाला.

उडी येते कुठून

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. तुमच्या समोर आणि डोक्यावर मिळून अर्ध्या घुमटासारखी जागा तयार होते आणि पतंग तेवढ्यातच उडू शकतो. तिला विंड विंडो म्हणतात. घड्याळ समजा: डोक्यावर १२, डाव्या हाताला जमिनीलगत ९, उजवीकडे ३. घुमटाच्या कडेवर, म्हणजे ९, १२ किंवा ३ वर, पतंग शांत असतो. समोर मधोमध, थोडा खाली आला की सगळ्यात जास्त ओढतो.

आता मुख्य गोष्ट. पतंगावरचं बल वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वारा दुप्पट झाला तर ओढ चौपट. आणि पतंग स्वतः हवेतून सरकत असेल तर त्याला लागणारा वारा आणखी वाढतो. म्हणून वारा स्थिर असेल तर १२ वर निवांत उभा असलेला पतंग तुम्हाला उचलत नाही, पण तोच ११ वरून झपाट्याने १२ कडे आला की उचलतो. उडी म्हणजे एवढंच: पतंगाला वेग द्यायचा आणि तो वेग डोक्यावर येताना त्याची ओढ वरच्या दिशेने वापरायची.

याचाच दुसरा अर्थ असा की वेग संपला की उचलणंही संपतं. कप्पे असलेल्या कापडी पंखाची मूळ रचना डोमिना जालबर्ट यांची, १९६४ सालची. आजची चौकोनी पॅराशूटं, पॅराग्लायडर आणि आपले फॉइल पतंग या सगळ्यांच्या मुळाशी तीच आहे. त्यामुळे पुष्कळ जणांच्या मनात बसतं की वर गेलं की पतंग आपल्याला अलगद खाली आणेल. पण एका माणसाच्या पॅराग्लायडरचं क्षेत्रफळ साधारण २० ते ३० चौरस मीटर असतं, तुमचा पतंग चार किंवा पाच. तो तुम्हाला धरून ठेवतो तो फक्त तुम्ही त्याला नीट चालवत राहिलात तर. वर गेल्यावर त्याला विसरलात तर पडायचा वेग साधा हिशेब करून काढता येतो: एक मीटरवरून पडलात तर जमिनीला टेकताना ताशी १६ किमी, अडीच मीटरवरून २५, पाच मीटरवरून ३५ च्या पुढे. माझी टाच दुसऱ्या आकड्याला मोडली.

वारा

या विषयावर मी सगळ्यात जास्त बोलते आणि त्याबद्दल मला मुळीच संकोच नाही. उडीतल्या वाईट अपघातांची सुरुवात बहुतेक वेळा जमिनीवर असते, वारा बघताना.

सरासरी वारा किती, हा दुय्यम प्रश्न. झोतात किती आणि पडतो तेव्हा किती, हे आधी बघायचं. मी हातातला वारामापक घेऊन दहा मिनिटं उभी राहते आणि सगळ्यात कमी व सगळ्यात जास्त आकडा ताशी किमीमध्ये लिहिते. माझा नियम असा: जास्तीचा आकडा कमीच्या दीडपटीपेक्षा मोठा असेल तर त्या दिवशी उडी नाही. १६ ते २२ असेल तर ठीक. १४ ते २६ असेल तर नाही, कारण वर्गाचा हिशेब केला तर झोतातली ओढ पडत्या वाऱ्यातल्या ओढीच्या जवळजवळ साडेतीन पट होते. साडेतीन पटीचा फरक हाताने सांभाळता येत नाही. माझ्या अपघाताच्या दिवशी मी वारा मोजला होता, पण एकदाच, अर्धा मिनिट, आणि २२ आकडा बघून खूश झाले होते. झाडांच्या शेंड्यांकडे बघितलं असतं तर कळलं असतं.

लक्षात ठेवा की वारामापक तुमच्या डोक्याइतक्या उंचीवरचा वारा सांगतो. पतंग २० ते २५ मीटरच्या दोऱ्यांच्या टोकाला आहे आणि तिथे वारा जास्त असतो.

मापक नसेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवा. बोफर्टच्या मोजपट्टीवर ४ म्हणजे ताशी २० ते २८ किमी: धूळ आणि कागद उडतात, बारीक फांद्या हलतात. ५ म्हणजे २९ ते ३८: पानांनी भरलेली छोटी झाडं अख्खी डोलायला लागतात. शिकणाऱ्याने ५ दिसला की पतंग गुंडाळावा. मी स्वतः सगळे सुरुवातीचे धडे १८ ते २४ मध्ये केले, चार चौरस मीटरच्या पतंगावर. माझं वजन ५८ किलो आहे. ८५ किलोच्या माणसाला त्याच पतंगाने त्याच वाऱ्यात जेमतेम टाचा उचलल्यासारखं वाटेल आणि ४५ किलोच्या मुलीला तो मोठा ठरेल. म्हणून दुसऱ्याचा पतंगाचा आकार आणि वारा कधीही जसाच्या तसा उचलू नका, माझासुद्धा.

दुपारच्या उन्हात तापलेल्या मोकळ्या जमिनीवर हवा वर उठते. छोटी वावटळ दिसली, पालापाचोळा गोल फिरायला लागला, किंवा वारा अचानक पूर्ण पडून मग दुसऱ्याच बाजूने आला, तर पतंग ताबडतोब खाली घ्या. वर उठणारी हवा डोक्यावरच्या पतंगाला सापडली तर तुम्ही काहीही न करता वर जाता. गडगडणाऱ्या ढगाचं तसंच. त्याच्या पुढे पळणारा थंड झोत ढग डोक्यावर येण्याच्या कितीतरी आधी पोहोचतो. काळा तळ असलेला ढग तुमच्या दिशेने वाढताना दिसला की त्या दिवसाचा खेळ संपला. पहिला थेंब पडायची वाट बघू नका.

सगळ्यात चांगला वारा मोठ्या पाण्यावरून किंवा दूरवरच्या सपाट जमिनीवरून येतो. काहीही अडथळा न लागता आलेला वारा हाताला रेशमासारखा लागतो. एकदा तो अनुभवला की बाकीचा वारा लगेच ओळखता येतो.

जागा

वारा येतो त्या बाजूला झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत, कधी त्याहूनही पुढे, हवा घुसळलेली असते. १० मीटरचं झाड असेल तर किमान १०० मीटर दूर उभे राहा, शक्यतो त्याच्या दुप्पट.

वारा जातो त्या बाजूला त्याहून जास्त मोकळं हवं. तीन सेकंद हवेत राहिलात आणि वारा ताशी २५ किमी असेल तर तुम्ही २० मीटर पुढे जाऊ शकता, पतंग तुमच्याही पुढे. मी १५० मीटर मोकळं मैदान नसेल तर उडी मारत नाही. कुंपण, दगड, उभ्या गाड्या, खड्डे, बसलेली माणसं, सगळं या हिशेबात येतं. मैदान आधी पायी चालून बघा. गवतातला एक खड्डा घोट्याला पुरेसा असतो. मऊ गवत उत्तम, कोरडी वाळू त्याहून चांगली. पाण्याने ओली झालेली घट्ट वाळू दिसायला मऊ दिसते, पण पडल्यावर तिचा कठीणपणा कळतो.

विजेच्या तारा नजरेच्या टप्प्यात असतील तर जागा बदला. पतंग तारांत अडकलाच तर हँडल सोडून लांब व्हा आणि वीज कंपनीला कळवा. पतंगाचा विचार तिथेच सोडायचा. विमानतळाजवळ उडवायचं नाही, आणि आपल्या भागात पतंगाच्या उंचीबद्दल काय नियम आहेत ते आधी विचारून घ्यायचं.

अंगावर काय

कान झाकणारं हेल्मेट, पाठीचा रक्षक, गुडघ्याचे पॅड, घोट्याच्या वरपर्यंत घट्ट बांधलेले बूट. केस बांधलेले, ओढणी किंवा गळ्यातलं काही नाही, बोटात अंगठी नाही. पतंगाच्या दोऱ्या बारीक आणि अतिशय मजबूत असतात. ताणलेली दोरी हाताने धरली की कापते, बोटाभोवती तर ती कधीच गुंडाळू नका.

हँडलवाल्या चार दोऱ्यांच्या पतंगाला मनगटाचे सेफ्टी पट्टे जोडलेलेच हवेत. ते ब्रेकच्या, म्हणजे पतंगाच्या मागच्या कडेला जाणाऱ्या दोऱ्यांना बांधलेले असतात. हँडल सोडलं की सगळा ताण ब्रेकवर येतो आणि पतंग हवा सोडून मागे मागे जमिनीवर बसतो. आणि उडी शिकताना अशा पतंगाला हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेला बांधायच्या पट्ट्यात, अडकवायचं नाही. हे मी अगदी आग्रहाने सांगते. हातात धरलेला पतंग सोडता येतो. कमरेला अडकलेला पतंग सोडायला आधी सुचावं लागतं, मग हात तिथे पोहोचावा लागतो, आणि झोत तेवढा वेळ देत नाही.

सोबत एक माणूस हवाच. तो तुमच्या मागे, वारा येतो त्या बाजूला, दोऱ्यांच्या फेऱ्याबाहेर उभा राहील. त्याचं काम तुम्हाला पकडणं नाही. पुढचं मैदान आणि मागून येणारा वारा बघणं, आणि ठरलेला एक शब्द ओरडणं. आमचा शब्द ‘सोडा’ आहे. माझ्या शिक्षकांनी पहिल्या दिवशी सांगितलं, “ताई, मी सोडा म्हटलं की का ते विचारायचं नाही. आधी सोडायचं, मग भांडायचं.” आम्ही नंतर दोनदा भांडलो आणि दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं.

उडीआधीचा अभ्यास

हा भाग लोक गाळतात. मी पुन्हा शिकले तेव्हा तीन आठवडे फक्त हाच केला.

पहिलं, पडणं. गुडघ्याइतक्या उंच ओट्यावरून गवतावर उडी मारा. पाय जवळजवळ, गुडघे किंचित वाकलेले, नजर समोर. खाली बघितलं की पाय नकळत ताठ होतात आणि ताठ पायच मोडतो. मग अंग वळवून पडायला शिका: आधी चवडा, मग पोटरीची बाजू, मांडीची बाजू, कुल्ला, शेवटी पाठीची बाजू. पॅराशूटवाले सैनिक हेच शिकतात, कारण त्यामुळे धक्का एका हाडावर न बसता अंगभर वाटला जातो. हात छातीशी ठेवा. पडताना मागे हात टेकला की मनगट जातं. रोज वीस वेळा, दोन्ही बाजूंनी.

दुसरं, पळत उतरणं. ओट्याकडे पळत या, उडी मारा आणि जमिनीला पाय लागताच पुढे पळत राहा. पतंगाच्या उडीत बहुतेक वेळा तुम्ही पुढे सरकत खाली येता, म्हणून ही सवय पडण्याच्या सवयीहूनही जास्त कामी येते. सरळ खाली किंवा आडवे आलात तर अंग वळवून पडायचं, पुढे सरकत आलात तर पळायचं. हा निर्णय डोक्याने घ्यायला वेळ नसतो, पायांनी घ्यावा लागतो.

तिसरं, सोडणं. पतंग उडत असताना, पाय जमिनीवर असताना, दोन्ही हँडल सोडून द्या. पतंग पुन्हा उभा करा, पुन्हा सोडा. प्रत्येक दिवशी सुरुवातीला पाच वेळा. आपली मूठ घाबरल्यावर आवळते, उघडत नाही, आणि ती उघडायची सवय अशीच लावावी लागते. माझ्या वहीत या सरावाच्या नोंदी उड्यांच्या नोंदींपेक्षा जास्त आहेत.

चौथं, न बघता उडवणं. नजर क्षितिजावर ठेवून पतंग १२ वर एक मिनिट धरा. मग न बघता ११ ते १, १ ते ११. उडीत तुम्हाला जमीन बघायची असते. पतंग कुठे आहे ते हातांना कळलं पाहिजे. हे जमल्याशिवाय पुढचा भाग वाचून उपयोग नाही.

पाय उचलणं

पहिले दिवस उडी मारायची नाही, चालायचं. पतंग १२ वर घ्या आणि वारा जातो त्या बाजूला चालू लागा. चालता चालता पतंग ११ ते १ च्या मध्ये हलकेच झुलवा. प्रत्येक वेळी तो १२ ओलांडताना अंग हलकं होईल आणि पाऊल लांब पडेल. चंद्रावर चालल्यासारखी दोन-दोन मीटरची पावलं पडायला लागतील. माझ्या मते या खेळातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे आणि बरेच जण घाईत ती ओलांडून जातात. याच पावलांमध्ये हाताला कळतं की पतंग वळवल्यापासून ओढ येईपर्यंत किती वेळ जातो. पतंगागणिक तो वेळ वेगळा असतो. मोठा पतंग उशिरा वळतो. हा उशीर अंगात भिनला नाही तर हवेत पतंग कायम तुमच्या एक पाऊल मागे राहील.

मग उभ्याने. वाऱ्याकडे पाठ, गुडघे वाकलेले, वजन मागे. पतंग हळू ११ पर्यंत न्या. ११ च्या खाली नाही; जितक्या खालून आणाल तितका वेग जास्त आणि तितकी उडी मोठी. तो तिथे पोहोचला की ठामपणे १२ कडे वळवा. आधी ओढ बाजूने आणि पुढून येते. त्या ओढीला मागे रेलून थोपवा, दोऱ्या ताणलेल्या राहू द्या. पतंग १२ जवळ येताना ओढ पुढून वर वळते, ते खांद्यांना स्पष्ट कळतं. त्या क्षणी दोन्ही हँडल सारखीच अंगाकडे घ्या आणि पायांनी उडी मारा. आधी उडी मारलीत तर वर न जाता पुढे फरफटत जाल. नवशिक्या बहुतेक वेळा हीच चूक करतो.

पाय सुटताक्षणी पतंग परत फिरवायला सुरुवात करा. वर गेल्यावर बघू, असं म्हणू नका. तो १ च्या पुढे जायच्या आत १२ कडे वळलेला पाहिजे. तो पलीकडे निसटला तर तुमचं अंग लंबकासारखं त्याच्या मागे झुलतं आणि झोक्याच्या टोकाला वरची ओढ जाते. माझं तेच झालं होतं. हँडल समान ओढलेली ठेवा. ती आधाराला धरायची कडी नाहीत, एक जास्त ओढलं की पतंग तिकडे गोता मारतो.

खाली येताना पतंग डोक्यावर, अगदी थोडा पुढे. नजर समोर, पाय खाली, गुडघे मोकळे. टेकताच पळा. सुरुवातीच्या उड्यांना एवढं पुरतं. पुढे उंची कमरेच्या वर जायला लागली की जमिनीजवळ येताना पतंगाला एक छोटा झोल द्यायला शिकावं लागतं, म्हणजे तो पुन्हा वेग घेऊन टेकण्याआधी तुम्हाला हलकं करतो. त्याची वेळ साधायला मला एक अख्खा हंगाम लागला. तो लवकर दिला तर टेकताना पतंग रिकामा असतो, उशिरा दिला तर टेकल्यावर तो तुम्हाला पुन्हा उचलतो. म्हणून उंची त्या कौशल्याच्या मागून येऊ द्या.

उतरल्यावर लगेच आनंदाने हात वर करून उभे राहू नका. पतंग अजून डोक्यावर आहे आणि माझा पाय मोडायला सुरुवात अशाच उभं राहण्यातून झाली. त्याला कडेने खाली आणा, ९ किंवा ३ वर, आणि ब्रेक ओढून जमिनीवर बसवा. विश्रांती घ्यायची तर हँडल जमिनीत रोवलेल्या खुंट्याला अडकवून. पतंग खालच्या कडेवर असताना झोत आला तर तो तुम्हाला आडवं ओढेल, डोक्यावर असताना आला तर उचलेल. पहिल्यात खरचटतं.

बिघडलं तर

पाय जमिनीवर असताना काहीही विचित्र वाटलं, तर सोडा. पतंग फाटेल, दोऱ्या गुंततील, काही हरकत नाही. टाचा उचलल्या गेल्या असतील आणि उडी तुम्ही ठरवलेली नसेल, तरीही त्याच क्षणी सोडा. पण एक मीटरवर गेल्यानंतर सोडू नका. तिथे तो पतंगच तुमच्याजवळचा एकमेव आधार आहे. हँडल समान ठेवा, पतंग १२ वर ठेवा, उतरा आणि मग जमिनीवर पोहोचताच सोडा.

वारा अचानक पडला तर डोक्यावरचा पतंग तुमच्या मागे जाऊ लागतो आणि दोऱ्या ढिल्या होतात. तो पुन्हा हवा भरून घेईल तेव्हा कुठे असेल ते सांगता येत नाही, बहुधा समोर मधोमध आणि पूर्ण ताकदीने. दोऱ्या ढिल्या होताना जाणवल्या की भराभर मागे चाला, वारा येतो त्या दिशेला, म्हणजे ताण परत येईल. नाही आला तर सोडा.

बारवाले, म्हणजे हँडलांऐवजी एका आडव्या दांड्याने चालवायचे आणि ताकद कमी-जास्त करता येणारे पतंग वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथे हार्नेस असतोच, म्हणून क्विक रिलीज, म्हणजे पतंग झटकन सोडवायची कळ, डोळे मिटून, ताणाखाली, दोन्ही हातांनी उघडता आलं पाहिजे. आणि वाळू गेल्याने ते अडकत नाही ना, हे दर वेळी उडवण्याआधी बघायचं. पतंग वळवताना बार अंगाकडे घ्या आणि हवेत तो तसाच ठेवा. घाबरून बार दूर ढकलला तर पतंगाची ताकद जाते आणि तुम्ही दगडासारखे खाली येता. जमिनीवर बार सोडणं हे योग्य उत्तर असतं, म्हणूनच हवेत ती सवय घात करते. हात मधोमध, जवळजवळ ठेवलेत तर नकळत एका बाजूला ओढलं जात नाही.

किती करायचं

एका दिवसात आता मी दहा-बारा उड्यांवर थांबते. पाय थकले की गुडघे वाकत नाहीत आणि ते आपल्याला टेकल्यावरच कळतं. माझ्या वहीतली सगळी वाईट उतरणं त्या-त्या दिवसाच्या पंधराव्या उडीनंतरची आहेत, अपवाद एकच. उंची वाढवायची तर एका वेळी एकच गोष्ट बदला: किंवा ११ च्या जरा खालून आणा, किंवा थोडा जास्त वारा घ्या, किंवा मोठा पतंग. तिन्ही एका दिवशी बदलले तर काय झालं ते वहीत लिहिताही येणार नाही. मी एका उंचीवर सलग दहा उड्या पायांवर, न धडपडता उतरले की मगच पुढे जाते. दहापैकी एक चुकली की मोजणी पुन्हा एकपासून.

आणि घरी आल्यावर दोऱ्या मोजा. उड्यांमध्ये मुख्य दोऱ्यांवर ब्रेकच्या दोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त ताण येतो, म्हणून त्या हळूहळू लांबतात. त्यामुळे ब्रेक आपोआप आखूड होतात, पतंग सतत थोडा ब्रेक लावल्यासारखा उडतो आणि नेमका डोक्यावर, ओढ हवी तेव्हा, मागे बसतो. चारही दोऱ्यांची टोकं एका खुंट्याला अडकवा, दुसरी टोकं सारख्या जोराने ताणून शेजारी धरा. डावी-उजवी जोडी समान हवी. दोन-तीन सेंटीमीटरचा फरक दिसला तर हँडलजवळच्या गाठी सरकवून जुळवा, आणि दोरीला कुठे केसाळपणा आला असेल, बोट फिरवताना खडबडीत लागत असेल, तर ती दोरी बदला. ताणाखाली नसताना बोट फिरवायला हरकत नाही.